फश्तावर उतरलेला गुंडू

समुद्रात यंत्रापेक्षा तोंड बंद ठेवणं जास्त कामाला येतं, असं कमाल सोलकरचं ठाम मत होतं. बहरीनी मालकाने होडीवर चांगलं जीपीएस बसवून दिलं होतं. कमाल त्याच्यावर बनियन वाळत घालायचा. "जागा यंत्रात टाकली की ती गावाची झाली," तो म्हणायचा. त्याचे गरगूर, म्हणजे तारेचे विणलेले कमरेएवढे पिंजरे, पाण्याखाली असायचे आणि वर साधा तरंगता बोयाही नसायचा. बोया दिसला की चोर आलाच. मग जागा सापडायची कशी? तर किनाऱ्यावरच्या दोन खुणा एकमेकींमागे आणून. रत्नागिरीजवळच्या त्याच्या गावात बापाने त्याला डोंगर आणि माड जुळवायला शिकवलं होतं. इथे डोंगर कुठून आणणार? म्हणून कमाल मशिदीच्या मनोऱ्यामागे पिवळी क्रेन जुळवायचा आणि त्यावर खूश असायचा.

ही विद्या त्याने एकाच माणसाला दिली होती. गुंडू कुबल, मालवणकडचा. दोघं मनामा शहराच्या गुदैबिया भागात एकाच खोलीत वर्षानुवर्षं राहत. गुंडू सोमवारी मासळी खात नसे, पण कमालसाठी तळून ठेवी. रमजानात कमालची इफ्तारीची फळं चिरायला हाच बसे. भांडायचेही रोज, आणि तेही फोडणीत लसूण आधी की राई आधी अशा गोष्टींवरून. कमालची बायको आबिदा गावाहून फोनवर म्हणायची, "माझ्यापेक्षा संसार त्याच्यासोबतच जास्त झाला तुमचा." खोटं नव्हतं ते.

वसंतात माशांच्या विणीचा काळ म्हणून मासेमारीला बंदी असते. ते दोन महिने कमालने पिंजरे दुरुस्त करण्यात घालवले आणि गुंडूने एका किराणा दुकानात पोती उचलण्यात. जूनमध्ये बंदी उठली आणि दोघं लग्नघरासारख्या उत्साहाने निघाले. हंगामाच्या तोंडाला मासा बेसावध असतो, उथळात येतो. त्यासाठी जावं लागतं फश्तावर. फश्त म्हणजे समुद्रातला खडकाळ उथळ पट्टा. ओहोटीला गुडघाभर पाणी, भरतीला माणूस बुडेल इतकं. ओहोटी होती, हवा स्वच्छ होती आणि पाण्याचा रंगच सांगत होता की पट्टा कुठे आहे. डोळ्यांना दिसतंय तर खूण कशाला बघायची? कमालने किनाऱ्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही.

पट्ट्यावर होडीचा तळ घासतो. म्हणून कोकणात कालवं काढायला खडपावर माणूस उतरवतात तसा त्यांनी इथेही रिवाज ठेवला होता. एकाने उतरून उथळातले पिंजरे रिकामे करायचे, दुसऱ्याने तोवर खोल बाजूचे ओढायचे. नियम एकच: उतरलेल्या माणसाने जागा सोडायची नाही, होडी त्याच्याकडे येते. गुंडू उतरला. फोन भिजू नये म्हणून त्याने होडीतल्या डब्यात ठेवला. पहिल्याच पिंजऱ्यात हामूर मासा होता, चांगला मांडीएवढा. गुंडू पोरासारखा ओरडला.

"हंयच रव. हलू नको. मी येताव," कमालने सांगितलं.

"जा रे तू. मी खय जातलंय? हयच आसंय."

कमाल खोल बाजूला तिसरा पिंजरा ओढत असताना वायव्येकडून धूळ आली. जूनमधला वारा तो. येतो तेव्हा विचारून येत नाही. बघता बघता किनारा गेला, आकाश गेलं, पाण्याचा रंगही गेला. कमालने दोर कापला आणि होडी वळवली. पट्टा कुठेच दिसेना. भरती लागली होती.

मग धुळीला एक भोक पडलं. मनोरा दिसला आणि त्याच्यामागे पिवळी क्रेन. कमालच्या जिवात जीव आला. त्याने दोन्ही जुळवले आणि बरोबर जागेवर होडी नेली. तिथे कोणी नव्हतं.

त्याला आधी भीती वाटली नाही, राग आला. जागा सोडलीन! एवढं सांगून जागा सोडलीन! एवढा म्हातारा झाला तरी अक्कल नाही, म्हणत त्याने गुंडूच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. गुंडू चालत पट्ट्याच्या टोकाकडे गेला असणार, असं धरून तो तिकडे गेला. मग दुसऱ्या टोकाला. हाका मारून घसा फाटला. शेवटी मालकाला फोन लावला, मालकाने तटरक्षकांना. त्यांनी जागा विचारली. यंत्रात जागा नव्हती. कमालने त्यांना मनोरा आणि क्रेन सांगितली, आणि ती माणसं रात्र पडेपर्यंत तिथेच शोधत राहिली.

सकाळी धूळ बसली तेव्हा कमालने किनारा नीट पाहिला. क्रेन जुन्या इमारतीवर नव्हतीच. बंदीच्या काळात ती काढून पलीकडच्या नव्या इमारतीवर चढवली होती. तीच पिवळी, तशीच उंच. काल त्याने जुळवलेली रेघ भलत्याच जागेची होती.

गुंडू ओहोटीला सापडला, जिथे उतरवला होता तिथेच. त्याने पिंजऱ्याचा दोर कमरेला बांधून घेतला होता. गाठ घाईची नव्हती. दोन वेढे देऊन नीट मारली होती. लाटांनी आपल्याला जागेवरून हलवू नये, कमाल येईल तेव्हा आपण तिथेच असावं, म्हणून. पट्ट्यावरून थोडं चालला असता तर दिवा लावलेला लोखंडी खांब होता, धरून राहता आलं असतं. खांब त्याला माहीत होता. रोज येता-जाता बघायचा तो.

पोलिसांचं, इस्पितळाचं झालं. मालक चांगला माणूस. गुंडूला गावी पाठवायचं सगळं त्याने अंगावर घेतलं. एक फोन मात्र कमालवाचून कोणी करणार नव्हतं. मनाम्याच्या त्या इस्पितळाबाहेर उन्हात उभं राहून त्याने गुंडूच्या बायकोला, रत्नाबाईला, फोन लावला. बातमी तिला दिरांकडून कळली होती. ती रडून रडून कोरडी झाली होती. कमालला सगळं सांगायचं होतं: क्रेन, यंत्र, शिव्या, सगळं.

"कमालभाय," तीच आधी बोलली, "तुमी वांगडा हुतास मां? माका तेवढाच सांगा. एकटो नाय मां गेलो तो?"

कमालने डोळे मिटले.

"होताव," तो म्हणाला. "त्याचा हात माझ्या हातात होता."