दोन टोले जास्त

दर रविवारी दुसऱ्या घंटेला आमच्या चर्चमध्ये उपासना सुरू होते. घंटा वाजवणारे शिमोनमामा मात्र दोन टोले जास्तच वाजवतात. समोरच्या ओट्यावर त्यांचे थोरले भाऊ बसलेले असतात. बायको गेल्यापासून ते देवावर रुसलेत, चर्चची पायरी चढत नाहीत.

"हाताला धरून आणा की त्यांना," मी एकदा म्हणाले.

"मग ते माझं आणणं झालं. दादाचं येणं कुठं झालं?"

देवही असाच दोर हातात धरून थांबत असेल. हाक त्याची, पण उठायचं ज्याचं त्यानंच.

आज मी लवकर आले. पहिली घंटाही व्हायची होती. दादा ओट्यावर बसले होते, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा.

रुसलेला माणूस रविवारी सकाळी असा कुणासाठी तयार होतो?