पास्कलचे पाय, माझी जळजळ

आमच्या चर्चच्या ऑफिसात सगळ्याची रजिस्टरं आहेत. बाप्तिस्मा झाला, लिहा. लग्न झालं, लिहा. माणूस गेला, लिहा. मधल्या काळात जे हसण्यासारखं घडतं, त्याचं रजिस्टर मात्र कोणी ठेवत नाही. ते सगळं माझ्याकडे साचतं! रविवारी चर्चमधली उपासना, म्हणजे मिस्सा, सुटली की पार्किंगमध्ये कोणीतरी म्हणतो, "अंतू, तो किस्सा सांग ना," आणि मग माझी स्कूटर अर्धा तास जागची हलत नाही. बायको मागच्या सीटवर बसलेली असते, ती वेगळीच.

मी अंतोन. सातवी नापास. रबाळ्याला प्रेस मशीनवर तीस वर्षं पत्रे वाकवले, आता कोपरखैरण्यात बसून लोकांची तोंडं वाकडी करतो.

माझ्या किश्श्यांत एक माणूस सारखा येतो. पास्कल. माझ्याच बिल्डिंगमधला, माझ्याच वयाचा, पोस्टातून रिटायर. दोघं एकाच वर्षी इथं राहायला आलो. तो आला आणि पॅरिशचा, म्हणजे आमच्या सगळ्या चर्चचा, लाडका झाला. मी आलो आणि लोक माझ्या चेष्टांच्या धाकानं आपापल्या स्कूटरच्या चाव्या सांभाळायला लागले!

त्यात तो पवित्र गुरुवार. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. येशू पकडला गेला त्या संध्याकाळी, पकडला जाण्याआधी, त्यानं आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले होते. म्हणून ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी वेदीसमोर बारा खुर्च्या मांडतात. पॅरिशमधले बारा जण बसतात आणि फादर गुडघ्यावर येऊन एकेकाचा पाय धुतात. पहिल्या खुर्चीत शिष्यांचा म्होरक्या, पेत्र. म्हणजे पास्कल! एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, बावीस वर्षं! आणि मला? बाराव्या खुर्चीतसुद्धा नाही.

"पाय धुवायचं एवढं काय घेऊन बसलात?" माझी बायको फिलोमिना म्हणते. "घरात बाथरूम आहे की!"

आता हिला काय सांगायचं? बाथरूममध्ये चारशे माणसं बघायला नसतात!

*

पास्कलचा आवाज म्हणजे जुन्या रेडिओसारखा. मिस्सेत बायबलच्या वाचनाला तो उभा राहिला की बाया पदर सावरून बसतात. मी फादरना म्हटलं, "आमच्या घशाला काय झालंय? एकदा आम्हालाही द्या."

फादर बिचारे भोळे. दिलं. नेमकं वाचन निघालं पौलाच्या पत्रातलं, आणि ते पत्र होतं थेस्सलनीकाच्या लोकांना. मी घरी चार दिवस घोकलं. मशीनवर पत्रा वाकवावा तशी जीभ वाकवली. रविवारी माइकसमोर उभा राहिलो, चष्मा लावला, आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "संत पौलाचे ठेचलेल्या नाकाकरांस पत्र!"

पहिल्या तीन बाकांवरचे लोक खाली वाकले ते वर आलेच नाहीत.

मी परत वाचलं. परत नाकच ठेचलं. शेवटी पास्कल उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि 'थेस्सलनीकाकरांस' असं म्हणाला, जसं काही माणूस पाणी पितोय!

मला एक सांगा, पौलाला एवढ्या लांब पत्रं टाकायची काय गरज होती? कल्याणकरांस लिहिलं असतं तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं.

*

एका उपवासकाळात मनावर घेतलं आणि कन्फेशनला, म्हणजे पापं कबूल करायला, गेलो. जाळीपलीकडे तेच फादर.

"फादर, मत्सर केला."

"कोणाचा?"

"नाव घ्यायचं का?"

"गरज नाही."

"पास्कलचा."

जाळीपलीकडून एक सुस्कारा आला. "किती दिवसांपासून?"

"तेव्हा हार्बर लाइनला गाड्या नऊ डब्यांच्या होत्या, फादर!"

फादरनी समजावलं. मत्सर हा आतून खातो, दुसऱ्याचं चांगलं बघून आनंद मानायला शीक, वगैरे. मी म्हटलं, "मानतो की. पण त्याचं एखादं पाप सांगा ना. छोटंसं. मला बरं वाटेल."

"अंतोन!"

"बरं, राहिलं."

"प्रायश्चित्त म्हणून दहा नमो मरिया म्हण. आणि सगळ्या पास्कलसाठी."

बघा न्याय! पाप माझं, गुडघे माझे, आणि प्रार्थना त्याला!

*

पास्कलला एकदा तरी तोंडावर पाडायचं म्हणून मी एक डाव टाकला. पवित्र गुरुवारच्या आठवडाभर आधी त्याला लिफ्टमध्ये गाठलं आणि हळूच म्हटलं, "ऐकलंस का? मागच्या वर्षी फादर कोणाकडे तरी बोलले, पहिल्या खुर्चीतल्या माणसाच्या टाचा बघवत नाहीत."

पास्कलचा चेहरा उतरला. फार साधा माणूस, लगेच पटतं त्याला. हाच तर त्याचा मला राग! मी पुढं म्हटलं, "आपल्या सेक्टरात पार्लर आहे. पुरुषांचंही करतात. पेडिक्युअर म्हणायचं."

गेला की! गुरुवारी त्यानं बूट काढला तर पाय कसला, साबणाची नवी वडी! मी मागच्या बाकावर हसायच्या तयारीत बसलो होतो. वाटलं, आता फादर चिडणार, लोक खिदळणार.

फादरनी तो पाय हातात घेतला. बघत राहिले. मग ईस्टरच्या प्रवचनात म्हणाले, "आपल्यातल्या एकानं प्रभूसाठी केवढी तयारी केली होती! आपण आपलं मन तरी एवढं घासतो का?"

चारशे माना पास्कलकडे वळल्या. फिलोमिनाची मान मात्र माझ्या पायांकडे.

"शिका जरा!" ती म्हणाली.

पार्लरची आयडिया माझी होती हो! माझी! पण हे उठून सांगायचं कुणाला आणि कसं?

*

बारा खुर्च्यांतली एक खुर्ची कोणालाच नको असते. बारावी. कारण बारा शिष्यांत यहूदा होता, येशूला पकडून देणारा, आणि लोकांनी आपलं ठरवून टाकलंय की शेवटची खुर्ची त्याची. फादर दर वर्षी घसा कोरडा करतात, "असं काही नसतं!" तरी अकरा जण पळत जाऊन आधीच्या खुर्च्या धरतात. सोसायटीच्या मीटिंगला सेक्रेटरीच्या शेजारची खुर्ची रिकामी राहते, तसं!

एका वर्षी तो बारावा माणूस आलाच नाही. ताप आला म्हणे. खुर्ची रिकामी. फादर म्हणाले, "कोणीतरी एक जण पुढं या."

मी ताडकन उठलो. फिलोमिनानं शर्ट धरून खाली ओढलं.

"बसा! यहूदाची खुर्ची आहे ती!"

"असू दे ना! पाय तर तेच फादर धुतात!"

"लोक आधीच काय कमी बोलतात का तुम्हाला?"

या ओढाताणीत शर्टचं बटण तुटलं. मी बटण शोधायला वाकलो, वर बघतो तर खुर्ची भरलेली! कोण बसलंय? आमचा इलेक्ट्रिशियन! माइक खरखरत होता म्हणून त्याला बोलावलं होतं. वायर ओढत ओढत पुढं आला आणि रिकामी खुर्ची दिसली म्हणून टेकला बिचारा. खिशात टेस्टर, कानावर पेन्सिल. फादरनी त्याचाही पाय धुतला.

नंतर चहाच्या टपरीवर मी त्याला विचारलं, "तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना," तो म्हणाला. "आमच्यात पाय धुतात ते जावयाचे. मी म्हटलं, एवढा मान देतायत तर नाही कशाला म्हणा!"

चार दिवसांत सगळ्या सेक्टरला त्यानं सांगून टाकलं. मी बाप्तिस्मा घेतलेला, माझे वाडवडील नगरकडचे जुने ख्रिस्ती, मी मागच्या बाकावर. आणि हा माइक दुरुस्त करायला आलेला माणूस शिष्य होऊन गेला!

*

मग जुन्या फादरांची बदली झाली आणि आताचे तरुण फादर आले. मला काका म्हणतात. त्यांनी जाहीर केलं की यंदा वशिला नाही. पहिल्या शिष्यांनीही एकदा चिठ्ठ्या टाकून माणूस निवडला होता, तसंच आपणही करू. ज्याला बसायचं असेल त्यानं आपलं नाव डब्यात टाकावं.

आता डबा म्हटलं की माझे हात शिवशिवतात.

रविवारी सगळ्यांसमोर फादरनी डब्यात हात घातला.

"अंतोन!"

टाळ्या. मी उठून हात जोडले. दुसरी चिठ्ठी.

"अंतोन!"

थोड्या टाळ्या. तिसरी चिठ्ठी फादरनी उघडली, वाचली आणि जराशी तिरकी धरली.

"हीसुद्धा अंतोन. फक्त डाव्या हातानं लिहिलेला."

पाचवी निघेपर्यंत चर्चमध्ये हशा मावत नव्हता. फादर म्हणाले, "काका, तुमचे एकूण पाय किती?"

झालं! माझ्या सगळ्या चिठ्ठ्या रद्द. पास्कलनं चिठ्ठीच टाकली नव्हती, का तर म्हणे इतरांना संधी मिळू दे. हे कळल्यावर फादर खूश! एक जागा मोकळी होतीच. कोणती? पहिली!

त्या दिवशी घरी येऊन मी दोन अँटासिड घेतल्या. पोटाला काही झालेलं नव्हतं.

*

आता यंदाचं सांगतो.

पास्कलची शुगर वाढली. उजव्या अंगठ्याला जखम झाली, ती भरेना. डॉक्टरनी पायाला पाणी लावायला मनाई केली. त्यानं स्वतःच फादरना सांगितलं, "यंदा मला धरू नका." फिलोमिनानं ही बातमी आणली तेव्हा मी 'अरेरे' म्हटलं. मनापासून म्हटलं. पण त्या 'अरेरे'मध्येच माझ्या तोंडाचा एक कोपरा वर गेला, आणि तो तिनं बघितला. दोन दिवस मला चहा बिनसाखरेचा मिळाला.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी फादरनी मला बाजूला घेतलं.

"काका, गुरुवारी बसाल का? अट एकच. चेष्टा नाही."

"नाही फादर."

"खुर्ची बारावी आहे."

"बाराशेवी असली तरी चालेल!"

गुरुवारी मी सर्वांत आधी जाऊन बसलो. नवे मोजे. उजवा बूट, उजवा मोजा काढून ठेवला, कारण उजवाच पाय धुतात. पँट दोनदा दुमडली. पास्कल समोर पहिल्या बाकावर, पायाला बँडेज, वर सँडल. मी त्याच्याकडे बघून मान हलवली. त्यानंही हलवली. हसून! तेही मनापासून, खोटं नाही. असा राग आला!

फादर खांद्यावर टॉवेल टाकून आले. पहिला झाला. दुसरा झाला. पाणी घालायचं, पुसायचं, पायाचं चुंबन घ्यायचं, पुढं सरकायचं. नऊ. दहा. माझा पाय गार पडला होता. अकरावा झाला, फादर उठायला लागले, आणि कट् असा आवाज झाला.

फादर वाकलेले ते तसेच राहिले.

"काका," ते कुजबुजले, "कंबर."

दोघांनी त्यांना धरून माझ्या शेजारी एक जादा खुर्ची ओढून बसवलं. बावीस वर्षं वाट बघितली, आणि फादर माझ्यापासून एक हातावर येऊन अडकले!

गाणाऱ्यांची कडवी संपली, त्यांनी परत पहिल्यापासून सुरू केलं. सगळं चर्च माझ्या एका उघड्या पायाकडे बघतंय. मोजा परत चढवावा की काय, असा विचार करतोय तोच पहिल्या बाकावरून पास्कल उठला. लंगडत आला. फादरच्या खांद्यावरचा टॉवेल काढून घेतला, माझ्या खुर्चीची कड धरली, आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा.

"तू नको," मी म्हटलं.

"पाय दे."

"फादरना बरं वाटू दे. मी थांबतो. रविवारपर्यंत थांबतो."

"अंत्या, गुडघा दुखतोय माझा. पाय दे."

दिला.

त्यानं पाणी घातलं. बोटांच्या मधेमधे हात फिरवून धुतला, घाई न करता. पुसला. वाकून चुंबन घेतलं. मला त्याचं टक्कल दिसत होतं. इतक्या वर्षांत मी ते वरून कधी बघितलं नव्हतं. त्यावर एखादा जोक सुचायला हवा होता. सुचला नाही.

मला वाटलं, झालं. पण तो उठेना.

"दुसरा," तो म्हणाला.

फादर शेजारून हळूच म्हणाले, "पास्कलकाका, एकच. उजवा फक्त."

पास्कलनं मान वळवली. फादरच्या कॉलरचा माइक चालू होता, त्यामुळे शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

"फादर, हा अंतू आहे. याचे दोन्ही धुवावे लागतील."

सगळं चर्च हसलं. गाणाऱ्यांचा सूर तुटला. सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं ते मी ओळखलं, तिच्यासोबत इतकी वर्षं काढलीत. पास्कल मात्र हसला नाही. हातात तांब्या धरून, त्या दुखऱ्या गुडघ्यावर तसाच थांबला.

मी वाकलो आणि डाव्या बुटाची नाडी सोडायला लागलो.