दोन बोटं सैल

गल्लीत तिला टेपताई म्हणायचे. सकाळी दात घासतानाही गळ्यात टेप असायची, त्यावरून. पण टेप नुसती दागिन्यासारखी लटकलेली. माप घ्यायची ती डोळ्यांनी. गिऱ्हाईक फाटकातून पायरीपर्यंत येईतो हिचं मनात लिहून तयार. "छाती छत्तीस, खांदा साडेतेरा. आणि उजवा खांदा उतरलाय. पिशवी त्याच हातात धरता ना?" बाई बिचारी घाईघाईनं हात बदलायची.

ही टेपताई सेहेचाळिसाव्या वर्षी परदेशी शिकायला गेली. चाळिशीपुढच्या कारागिरांसाठी शिष्यवृत्ती निघाली होती, कपडे बेतायचा दहा महिन्यांचा कोर्स. लग्न केलं नव्हतं. घरी आई, भाऊ, वहिनी. अर्ज आईनंच भरायला लावला. हातात पहिली सुई दिली होती तीही आईनंच.

"तुला टाकून कशी जाऊ?"

"टाकायला मी काय चिंधी आहे? जा म्हणते ना. मी कुठं पळून चाललेय?"

निघायच्या आधी तिनं आईला तीन ब्लाउज शिवले. हिरवा, राखाडी, जांभळा. अगदी अंगाबरोबर, कारण ढगळ कपडा आईला खपत नसे. "पोत्यात बटाटे भरल्यासारखं दिसतं," म्हणायची.

तिकडे तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. खिडकी वीतभरच उघडायची, पुढे अडायची. स्वयंपाकघर चौघींत एक, फ्रिजच्या कप्प्यांवर ज्याच्या त्याच्या चिठ्ठ्या. चौघींतल्या दोघी आपल्याच भाषेच्या, विशीतल्या. त्यांनी पहिल्या दिवशीच तिची मावशी करून टाकली.

"मावशी, भांडी घासताना कुणाशी बोलता हो?"

"भांड्यांशी. ती उलट बोलत नाहीत."

पहिल्या आठवड्यात ती बससाठी रस्त्याच्या भलत्या बाजूला पाऊण तास उभी राहिली. तळघरातलं कपडे धुवायचं मशीन काम संपलं की किंचाळायचं, ही दचकून त्याला "आले, आले बाई!" म्हणायची. पोरी त्याची नक्कल करून लोटपोट हसायच्या. हळूहळू सगळं अंगवळणी पडलं. कुठली शेगडी लवकर तापते, कुठल्या पायरीवर दिवा लागत नाही, वर्गात कुठल्या खुर्चीला चाकं धड आहेत.

वर्गातले सर उंच, काटकुळे, आवाज झोपाळू. प्रत्येक वाक्य असं संपवायचे, की हळूच ड्रॉवर बंद केल्यासारखं वाटावं. तिनं पहिल्याच दिवशी खडू घेतला आणि समोरच्या पोरीकडे एकदा बघून सरळ कापडावर रेघा ओढल्या. सरांनी टेप लावली. सूतभर फरक.

"अंदाज नको. आकडा हवा," सर म्हणाले. "डोळा आपल्याला हवं तेच बघतो. टेप काही बघत नाही, फक्त मोजते." आणि ड्रॉवर बंद.

तिला पटलं नाही, पण वहीत लिहून घेतलं. तिसऱ्या महिन्यापर्यंत ती खरोखर टेप वापरायला लागली.

दर रविवारी सकाळी घरी व्हिडिओ कॉल. फोन भावाच्या हातात. फोनवर त्याचा आवाज नेहमीपेक्षा दोन मजले वर जायचा. "मजेत! एकदम मजेत! तुझं सांग!" मागून वहिनी, त्याच चालीत, पण अर्ध्या आवाजात, "हो हो, मजेत." मग आई. "जेवलीस का? मशीनला तेल दिलंस?"

"इथली मशीनं आपापली तेल पितात, आई."

"मग लाडावलेली दिसतायत."

चौथ्या महिन्यातल्या एका रविवारी टेपताई बोलता बोलता थांबली. आईच्या अंगात राखाडी ब्लाउज होता. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. दोन बोटं.

"आई, हा ब्लाउज कुणाचा?"

"अगो, तूच शिवलेला!"

"कॅमेरा वाकडा धरलाय मी," भाऊ मधेच. "त्यात सगळंच सैल दिसतं. मी बघ, केवढा बारीक दिसतो!" भाऊ बारीक मुळीच दिसत नव्हता.

तिनं स्वतःला समजावलं. डोळा हवं ते बघतो. पण हे कुणाला हवं होतं?

पुढच्या रविवारी आई शाल पांघरून बसलेली. "थंडी पडलीय," भाऊ म्हणाला, आणि त्याच्या पाठीमागे पंखा गरगरत होता. त्यानंतर फोन इतका जवळ यायला लागला, की आईचा नुसता चेहराच दिसावा. टेपताईनं विचारलं की तिघेही एका सुरात मजेत. तिला वर्ग होता, गृहपाठ होता, आणि खरं सांगायचं तर विश्वास ठेवणं सोपंही होतं.

परीक्षा तीन आठवड्यांवर आली. शेवटच्या दिवशी स्वतः शिवलेला कपडा माणसाच्या अंगावर चढवून दाखवायचा होता. त्या रविवारी आई पुन्हा खुर्चीत नीट बसलेली, बिनशालीची. अंगात जांभळा ब्लाउज, चापूनचोपून.

"बघ, कसा बसलाय! उगाच किरकिर करत होतीस," आई म्हणाली.

टेपताईनं पडद्याला नाक लावलं. काखेखाली धावदोरा होता. लांब, तिरका, एक टाका डोंगरावर तर दुसरा दरीत. घरात मशीन चालवणारं तिच्यामागे कुणी नव्हतं, आणि असा दोरा घालणारे हात जगात एकच होते, वहिनीचे.

तिनं कॉल संपवला आणि वहिनीला एकटीला फोन लावला.

"वहिनी, किती आत घेतलात?"

 पलीकडून वहिनीचा खरा आवाज, जो तिनं नऊ महिन्यांत ऐकला नव्हता. "तीन बोटं. दोन्हीकडून. ताई, मला शिवता येत नाही हो..." आणि वहिनी रडायला लागली. पोटात गाठ होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. आईनं दोघांना शपथ घातली होती. परीक्षा होईपर्यंत एक अक्षर नाही; कळलं तर ती आहे त्या कपड्यांवर निघून येईल.

टेपताईनं परीक्षेचा कोट खुंटीला टांगला तो टांगलाच. जांभळं कापड शोधायला दोन बस बदलून गेली. आईला पडद्यावर जसं बघितलं होतं, तसं मनात उभं केलं आणि खडू चालवला. टेप गळ्यातच. शिवणीत दोन बोटं माया ठेवली, आई पुन्हा अंग धरेल तेव्हा उसवायला बरी.

सर मागे येऊन उभे राहिले. "माप कुठून घेतलं?"

"बघून."

या वेळी त्यांनी टेप लावली नाही. ती परीक्षेआधी चालली आहे हे कळल्यावर म्हणाले, "परीक्षा पुढच्या वर्षी देता येईल. शिष्यवृत्ती दुसऱ्यांदा मिळत नाही." ड्रॉवर बंद झालाच नाही, वाक्य तसंच उघडं राहिलं.

पोरींनी बॅग खाली उतरवून दिली. तळघरातलं मशीन किंचाळलं. कुणी नक्कल केली नाही.

घरी आईची खाट बाहेरच्या खोलीत, शिलाई मशीनला लागून घातली होती. वहिनीनं आईला टेकवून बसवलं. टेपताईनं नवा ब्लाउज चढवला, हुक लावले, आणि हात मागे घेतले.

खांद्याची शिवण दंडावर उतरली. बेतून शिवून इथवर आणायला तिला नऊ दिवस लागले होते.

आईनं मान वाकडी करून खांद्याकडे बघितलं. "पोत्यात बटाटे," म्हणाली. मग लेकीकडे बघून, "परीक्षा दिलीस ना?"

"दिली की! मस्त गेली! एकदम मस्त!" टेपताईचा आवाज दोन मजले वर गेला.

आई तिच्याकडे बघत राहिली. "अगदी भावासारखी बोलायला लागलीस गं."

टेपताईनं टाचण्यांची डबी ओढली, चार टाचण्या ओठांत धरल्या, म्हणजे बोलायला नको, आणि आईचा खांदा आत घ्यायला लागली.