भिंतीवरचा अर्धवट कुर्ता

मी पक्की संशयखोर बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. आम्ही मूळचे नागपूरचे, बौद्ध. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत लखनौला आले आणि आम्ही इथलेच झालो. नवस, उतारा, अंगात येणं... घरात या शब्दांना थारा नव्हता. कुणी भुताची गोष्ट काढली की बाबा विचारायचे, “तू स्वतः पाहिलंस का?” आणि गोष्ट तिथेच संपायची. आता तोच प्रश्न मला विचारा. हो, मी स्वतः पाहिलं. दिवसाढवळ्या, चहा पिताना.

मी एका कॉलेजात चित्रकला शिकवते, राहते लखनौतल्याच जानकीपुरमला. गेल्या हिवाळ्यात माझ्या बारा विद्यार्थ्यांना एक काम मिळालं. लखनौपासून तासाभरावरच्या एका कसब्यात, बस स्टँडसमोर, शाळेची भली लांब भिंत आहे. तिच्यावर त्या गावाचा वारसा रंगवायचा. गाव चिकनकारीचं, म्हणजे पांढऱ्या कापडावरच्या भरतकामाचं. आधी लाकडी ठशांनी कापडावर निळी नक्षी छापतात, मग बायका त्यावर टाके घालतात, आणि शेवटी धुलाईत निळा रंग निघून जातो.

भिंतीच्या मधोमध आम्ही एक म्हातारी काढली, मांडीवर कुर्ता घेऊन बसलेली. कुर्त्यावर नुसती निळी वेलबुट्टी, टाका एकही नाही. बारा जणांतली अल्फिया त्याच गावची, तिची आई अजून हे काम करते. ती म्हणाली, “मैम, नीला ऐसे नहीं छोड़ते. हमारे यहाँ इसे अधूरा काम कहते हैं.”

मी म्हटलं, “रहने दो यार, फोटो में अच्छा आएगा.”

झालं! दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर पाहते तर वेलीच्या एका पानात टाके. तांदळाच्या दाण्याएवढे, पांढरे, एकेक सुटा. त्याला मुर्री म्हणतात, हे मला नंतर कळलं. माझ्या पोरांपैकी कुणाचाच हात इतका बारीक चालत नाही. तिसऱ्या दिवशी आणखी दोन पानं. मी रोज संध्याकाळी निघताना आणि सकाळी आल्यावर फोटो काढायला लागले. रात्रीत काही बदलायचं नाही. जे व्हायचं ते एक ते दोनच्या दरम्यान. तेव्हा बाकीची पोरं मागच्या व्हरांड्यात डबे खायची आणि अल्फिया जेवायला घरी जायची.

आता सांगा, तुम्ही कुणावर संशय घेतला असता?

मी तिचे हात तपासले. नखं पाहिली. स्वच्छ होती, तर मला वाटलं, बघा कशी धुऊन आली! शिडीला कुलूप लावून किल्ली पर्समध्ये ठेवली. तरी गुरुवारी आणखी एक पान भरलं. मग मात्र माझा ताबा सुटला. सगळ्यांसमोर म्हणाले, “ज़िद पूरी कर रही हो? अपनी मर्ज़ी की मालिक हो गई हो?”

“मैंने नहीं किया, मैम.” एवढंच म्हणाली ती.

मी तिला कामावरून काढलं. भिंतीच्या कोपऱ्यात रंगवणाऱ्यांची नावं लिहायची होती, त्या यादीतून तिचं नाव खोडलं. तिच्या गावाची भिंत, आणि तिचंच नाव नाही. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “पुरावा काय तुझ्याकडे?” मी म्हटलं, “अक्कल आहे माझ्याकडे.” शुक्रवारी भिंतीवर काहीच घडलं नाही. बघा, म्हटलं, चोर सापडला! खरं सांगते, फार बरं वाटलं मला.

शनिवारी दुपारी मी समोरच्या टपरीवर चहा घेत होते. अल्फिया ब्रश परत द्यायला आली. बाकावर माझ्यासमोर बसली, पाठ भिंतीकडे. रडत नव्हती. मी मात्र बोलतच होते... शिस्त, टीमवर्क, काय काय. तिच्या खांद्यावरून मला म्हातारी आणि तो कुर्ता दिसत होता. पानं बरीचशी अजून रिकामीच.

मधे एक बस येऊन उभी राहिली. प्रवासी चढले, कंडक्टर ओरडला, बस गेली. दोन-तीन मिनिटं, जास्त नाही.

कुर्ता पूर्ण झाला होता. झाडून सगळी पानं भरलेली. आणि निळा रंग गेलेला! ॲक्रिलिक होता हो तो, पाण्याने जात नाही. मी रस्ता ओलांडून धावत गेले, कुलूप काढलं, शिडी लावून स्वतः वर चढले. भिंत कुर्त्यापुरती ओली होती, आजूबाजूला कोरडी ठणठणीत. पोरं व्हरांड्यातून धावत आली, त्यांच्या हातात अजून पराठे होते.

खाली अल्फिया उभी होती. तिने भिंतीकडे पाहिलं आणि डोक्यावर ओढणी घेतली.

मी खाली उतरले, सगळ्यांदेखत तिची माफी मागितली. म्हटलं, बेटा, माझं चुकलं, आता माझा तुझ्यावर विश्वास बसला. तुझं नाव आत्ता माझ्या हाताने लिहिते.

ती शांतपणे म्हणाली, “नहीं मैम. यकीन आपको अब भी मुझ पर नहीं हुआ. आपको तो बस ये दिख गया कि मैं आपके सामने बैठी थी. नाम रहने दीजिए.”

आणि घरी गेली.

टाके कुणी घातले, रंग कसा गेला, मला आजही माहीत नाही. कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा, मी वाद घालणार नाही. भिंत तशीच आहे, लोक तिच्यासमोर फोटो काढतात. कोपऱ्यात अकरा नावं आहेत, आणि सर्वांत वर माझं.