जवळा राखणारा आवाज

ती दुपार आजही माझ्या मनातून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण जेवून आरामखुर्चीत जरा डोळा लागला की कुणीतरी अगदी मऊ आवाजात म्हणतं, "अहो, उठा. कावळा आलाय." मी उठून बसतो. बायको म्हणते, तुमचं मन अजून ड्युटीवरून उतरलेलं नाही. बहुधा तिचं खरं असावं.

अंधेरीच्या पश्चिमेला, किनाऱ्यालगतचा एक कोळीवाडा आमच्या हद्दीत होता. माझ्या निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. एका दुपारी नियंत्रण कक्षाकडून निरोप आला, की तिथल्या एका घरात परका पुरुष शिरला आहे, आवाज ऐकू येतोय. बीट मार्शल लगेच पोहोचले. अंगणाचं फाटक आतून बंद होतं. हाक मारल्यावर घरातली सून डोळे चोळत बाहेर आली. ती पहाटे उठून मासळीबाजार करणारी, त्यामुळे दुपारी मेल्यासारखी झोपायची. सासू आत होती, पण तिला कानाने ऐकूच येत नसे. घरात पुरुष नव्हता. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीत नोंद केली आणि विषय संपला.

पाच दिवसांनी तोच निरोप, तेच घर. या वेळी फोन करणाऱ्या शेजारणीचा मी स्वतः जबाब घेतला. बाई खोटं बोलणारी नव्हती. भिंतीपलीकडून तिने स्पष्ट ऐकलं होतं. पुरुषाचा, वयस्कर, शिकलेल्या माणसाचा आवाज. तो म्हणत होता, "अगं, ऊठ ना." बाईचं म्हणणं एवढंच, की परका माणूस असं लाडाने कशाला उठवेल? पोलिसांकडे ही नोंद एका ओळीची असते. वाड्यात मात्र त्या ओळीची भलीमोठी गोष्ट झाली, आणि सुनेचा नवरा बोटीवरून परत येईपर्यंत ती सगळीकडे पोहोचली होती.

नवरा खलाशी. आठ-दहा दिवस समुद्रात, दोन-चार दिवस घरी. त्याने आरडाओरडा केला नाही, हात उगारला नाही. माहेरी जा, एवढंच म्हणाला. ती माहेरी न जाता भरलेली पिशवी घेऊन ठाण्यात आली आणि माझ्यासमोरच्या बाकावर बसली.

"चोर नका पकडू, साहेब," ती म्हणाली. "मला माझं नाव परत पायजे."

असा मुद्देमाल परत मिळवायला आतापर्यंत कुणी आलं नव्हतं. मी नवऱ्याला बोलावून घेतलं. चार दिवसांनी बोट पुन्हा जाणार होती. तोवर बायकोला घरात राहू दे, एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. तो हो म्हणाला, पण तिने पिशवी सोडली नाही. दाराशी तशीच भरलेली ठेवली.

अंगणात तेव्हा जवळा वाळत होता. जवळा म्हणजे नखाएवढी बारीक कोळंबी, चटईवर पसरून उन्हात वाळवतात. कुत्री, कावळे आणि शेजारी या तिघांपासून तो राखावा लागतो. म्हणून नवऱ्याने छपराच्या वाशाला एक स्वस्तातला कॅमेरा लावला होता. ती अक्कल त्याला कुणी दिली? मीच. वाड्यातल्या सभेत मीच छाती पुढे काढून सांगितलं होतं, की घराघरांत कॅमेरे लावा, पोलिसांचं अर्धं काम होईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

कॅमेऱ्यात काहीतरी सापडेल म्हणून बघितलं, तर त्यात मेमरी कार्डच नव्हतं. नवरा फक्त फोनवर बघायचा, आणि बोट आत गेली की फोनला रेंज नसायची. म्हणजे जेव्हा राखण हवी तेव्हा बघणारं कुणीच नाही. मग मी कॅमेरा लावून देणाऱ्या इलेक्ट्रिशियनला उचलला. तरुण, देखणा, त्या घरात जाऊन आलेला. माझा संशय तयारच होता. चार तास विचारपूस केली. शेवटी त्याला रडू फुटलं, आणि तपासात निघालं की दोन्ही दुपारी तो मुलुंडला एका कामावर होता. मी त्याची माफी मागितली नाही. आज मागितली असती.

दुसरा काही मार्ग सुचेना, तेव्हा मी साध्या कपड्यांत, महिला हवालदाराला बरोबर घेऊन, दुपारी त्या अंगणातच जाऊन बसलो. हिवाळा सरत आला होता. ऊन पिवळं, जाड आणि अगदी निवांत होतं. जवळ्याचा गुलाबी थर त्यात चमकत होता, खाऱ्या वाऱ्याने चटईचे कोपरे जरा उचलले जात, परत बसत. आत पंख्याचा घरघर आवाज. नवरा बंदरावर बोटीच्या कामाला गेला होता, सून झोपली होती, सासू झोपली होती, फाटकापाशी हवालदार बाईंची मान कलली होती. समुद्र कुठेतरी मागे श्वास घेत होता. खोटं कशाला बोलू, मी पहाऱ्यावर झोपलो. झोपेत मी लहान होतो, आमच्या घराच्या ओट्यावर होतो आणि वडील बाजूला उभे होते.

"अहो, उठा. कावळा आलाय."

मी डोळे उघडले. दोन कावळे चटईवर होते. अंगणात पुरुष म्हणून मी एकटाच. वडील जाऊन पंचवीस वर्षं झालेली. क्षणभर मला भीती वाटली नाही, उलट फार बरं वाटलं, आणि ते मला अजून कुणाला सांगता आलेलं नाही. मग आवाज पुन्हा आला, जरा घाईने, "हाड्! हाड्!" कावळे उडाले. मी वर पाहिलं. वाशावर कॅमेऱ्याचा निळा ठिपका लुकलुकत होता, आणि आवाज तिथूनच येत होता.

पुढचं काम सोपं होतं. नवऱ्याने कॅमेरा नवा घेतलाच नव्हता. बोरीवलीच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून आणला होता. कॅमेऱ्याच्या बुडाशी एक कागद चिकटवलेला होता, त्यावर क्रमांक आणि पासवर्ड. तो पासवर्ड आधीच्या मालकाने बदलला नाही, यानेही बदलला नाही. चालतोय ना, मग कशाला हात लावा? त्यामुळे आधीच्या मालकाच्या फोनवर तो कॅमेरा तसाच जोडलेला राहिला. दुकानदाराला मालक आठवत होता, कारण कॅमेऱ्याबरोबर रुग्णाची खाट आणि चाकाची खुर्चीही आली होती.

बोरीवलीतल्या त्या सोसायटीत दार उघडलं ते सत्तरीच्या, इस्त्रीचा शर्ट घातलेल्या गृहस्थांनी. एकटेच राहत. आम्ही कोण हे कळल्यावर त्यांनी फोन स्वतःच टेबलावर ठेवला. पडद्यावर अंगण होतं. ऊन, चटई, भिंतीवरची जाळी.

बायको तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिच्यासाठी कॅमेरा घेतला होता. बाहेरच्या खोलीतून ते तिच्याशी त्यातूनच बोलत. ती गेल्यावर मुलीने खोली रिकामी केली. काही महिन्यांनी फोनवर अचानक निरोप आला, कॅमेरा सुरू झाला आहे. त्यांनी उघडून पाहिलं, तर बायकोच्या खाटेच्या जागी ऊन पडलेलं.

"पहिले काही दिवस मला ते स्वप्नच वाटलं," ते म्हणाले. "ती गेली त्या दुपारी मी हाच फोन हातात धरून झोपलो होतो, साहेब. आता दुपारी झोपत नाही. कावळा दिसला की तिला म्हणायचो तसंच तोंडातून निघून जातं."

मी कठोरपणे विचारलं, अंगणातली मोरीही त्यात दिसते, त्याचं काय? बाई तिकडे गेली की फोन पालथा ठेवायचो, असं त्यांनी सांगितलं. मला ते खरं वाटलं. पण खरं वाटणं हा पुरावा नव्हे, आणि त्या बाईला न विचारता तिचं अंगण बघणं हा अपराधच होता. तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी मान खाली घातली.

सुनेला मी दोन्ही बाजू समजावल्या. गुन्हा दाखल करायचा तर माझी तयारी होती. ती म्हणाली, "सगळ्यांनी आवाज ऐकला ना? मग सगळ्यांसमोर बोलू दे त्याला." तसा तिचा जबाब लिहून घेतला, सही घेतली.

ओळखपरेड मी पुष्कळ घेतल्या, आवाजाची एकच. दुपारी अंगणात शेजारीण होती, नवरा होता, अर्धा वाडा होता. बोरीवलीच्या त्या आजोबांना मी गल्लीच्या टोकाला, फोन हातात देऊन, हवालदार बाईंजवळ उभं केलं. खूण केल्यावर वाशावरून आवाज आला. "अगं, ऊठ ना. कावळे आले बघ." शेजारणीने तोंडाला पदर लावला. हाच, हाच आवाज, असं म्हणत ती सुनेसमोर येऊन उभी राहिली आणि रडायला लागली. नवरा दाराशी गेला, भरलेली पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

मग सुनेने नवऱ्याचा फोन घेऊन सगळ्यांदेखत पासवर्ड बदलला. कॅमेऱ्याचं तोंड मोरीकडून फाटकाकडे फिरवून घेतलं. गल्लीच्या टोकाला आजोबांच्या फोनचा पडदा काळा झाला.

सोसायट्यांच्या सभांना मला अजून बोलावतात. पहिल्याच दिवशी पासवर्ड बदला, जुना कॅमेरा घेतला तर आधी त्यातलं सगळं पुसा, विकतानाही पुसा, आणि तो काय काय बघतोय हे घरातल्या बायकांना विचारून मगच ठोका, हे सगळं मी सांगतो. जे पहिल्या सभेत सांगायला हवं होतं, ते आता सांगतो. परतीच्या गाडीतलं मात्र सांगत नाही.

आजोबा मागच्या सीटवर काळा फोन मांडीवर घेऊन बसले होते. जोगेश्वरी मागे गेल्यावर त्यांनी विचारलं, "चार वाजले का हो? ऊन आता भिंतीवर चढलं असेल. जवळा उचलायला हवा."

मी सुनेला फोन लावला. उचललाय, म्हणाली ती, कावळ्यांनी काय नाय नेलं. मी ते आजोबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि फोन खिशात ठेवला. बोरीवली येईपर्यंत ते झोपले होते, मी त्यांना उठवलं नाही.