भावजींच्या बोटांची किंमत

आमचे धाकटे भावजी रफूगार. कोटाचं भोक असं भरतात की नेणाराच विचारतो, भोक होतं कुठे? डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, सारा भरवसा बोटांवर. डाव्या हाताने कापड चाचपतात, तुटलेला धागा लागला की उजव्या हातातली सुई चालू.

भाव करण्याची रीतही जगावेगळी. गिऱ्हाइकाने पैसे विचारले की म्हणणार, नवा केवढ्याला येईल ते सोडा, हाच हवा असेल तर काय द्याल? माणूस बावचळतो, मग हसून मनातलं सांगतो. भावजी त्याच्या निम्मे घेतात. म्हणूनच दुकान अजून खिडकीएवढं आहे, असं जाऊबाईंचं म्हणणं.

त्यांना मधुमेह निघाला. रोज बोट टोचून साखर बघायला सांगितलं होतं. सुईशी संसार केलेला माणूस, टोचण्याला काय भिणार? पण बोटांची टोकं हुळहुळी झाली, धागा लागेना. एकदा गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शालीवर रक्ताचा ठिपका पडला. गार पाण्याने तो निघाला, पण भावजींनी तपासणंच सोडलं. विचारलं की ‘ठीक आहे’. ठीक कसलं, दवाखान्यात साखर आभाळाला टेकलेली निघाली.

त्या दिवशी मीही सोबत होते. डॉक्टरीणबाई रागावल्या तेव्हा कुठे शालीची गोष्ट बाहेर आली. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, दंडावर नाण्याएवढी चकती लावू, पंधरा दिवस आकडे मोबाइलवर दिसतील, बोटाला हात लावायला नको. किंमत ऐकताच भावजी चपला शोधू लागले. एवढ्यात दुकानाला रंग देऊन होईल म्हणे.

जाऊबाई डॉक्टरांपुढे कधी तोंड उघडत नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, नवी बोटं केवढ्याला येतील ते सोडा. हीच हवी असतील तर काय द्याल?"

मी देवाचं नाव घेऊन हसू गिळलं. भावजी परत खुर्चीत बसले. म्हणाले, "देईन. पण बारमाही नाही जमायचं. तीन महिन्यांतून एकदा लावू." डॉक्टरीणबाईंनी मान्य केलं, पण मधल्या दिवसांत टोचावं लागेल, निदान बिनकामाच्या बोटाला, तेही कडेला, अशी अट घातली.

"मग उजवी करंगळी," भावजी म्हणाले. "जन्मभर बसून खाल्लंय तिने."

सध्या चकती दंडावर आहे. परवा आमच्याकडे गोडाची वाटी पुढे केली, तर दंडाकडे बोट दाखवून म्हणाले, वहिनी, चहाडखोर बसलाय इथे.

मी जपाला बसताना पांघरते ती शाल कसरीने खाल्ली होती, ती त्यांच्याकडे दिली होती. आज सकाळी परत आली. भोक होतं कुठे, ते शोधता शोधता माझा जप राहिला.