चावरं मीटर

आमच्या आळीत पहिलं मीटर माझ्या घरात बसलं, आणि मला त्याचा इतका ताठा चढला की आल्यागेल्याला पाणी विचारायच्या आधी मी मीटर दाखवायचो. पाणी विचारण्यात तसाही अर्थ नव्हता. दुष्काळाचं वर्ष. पाथर्डीच्या पूर्वेला आमचं गाव, विहिरींच्या तळाला भेगा, बायका घागर घेऊन तिसऱ्या शिवारात जायच्या. आणि नेमकं त्याच वर्षी गावात वीज आली. पाण्याची मागणी केली होती आम्ही. पण सरकारजवळ जे असेल ते सरकार देतं.

वायरमननं विचारलं, "कुठं ठोकू?" त्याला कुठंही चाललं असतं. मी ओसरीची समोरची भिंत दाखवली. रस्त्यानं जाणाऱ्याला दिसलं पाहिजे ना! एवढा पैसा भरून मीटर घ्यायचं आणि ते माळवदाच्या अंधारात लपवायचं? वायरमन उंबऱ्याशी बुटाची नाडी सोडायला वाकला, तर मीच त्याला अडवलं. "असू द्या, असू द्या. तुमी सरकारी मान्सं."

आईनं माझ्याकडं पाहिलं. आमच्या घरात उंबऱ्याच्या आत कुणाच्या पायात वहाण नसते. खुद्द जावईसुद्धा बाहेर काढून येतो. शेणानं सारवलेली जमीन, तिच्यावर जेवायला बसतो आपण. पण मी जुनी मॅट्रिक नापास झालेला शिकलेला माणूस. साहेबाच्या बुटाला कुठं मान द्यायचा हे मला कळत होतं.

मीटर लोखंडी टोपणाचं होतं. पुढं काच, काचेआड फिरणारी चकती. मी तासन्‌तास त्या चकतीसमोर उभा राहायचो. एकच दिवा लागायचा घरात, चकती फिरायची गाभण म्हशीसारखी, पण मला वाटायचं, चाललंय काहीतरी.

खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी विळे, कोयते, नांगर, तागडी, जे जे म्हणून पोटाला देतं त्याची पूजा होते. आईनं सकाळीच ओसरी सारवली होती. भांडी विसळलेलं पाणी राखून ठेवायची ती सारवणासाठी. तिनं कोयत्याला कुंकू लावलं, तागडीला लावलं, आणि ओल्या बोटानं मीटरच्या टोपणाला लावायला गेली.

"आई गं!" तिनं हात झटकला. "मुंग्या आल्या रं हाताला. कोपरापतुर."

"म्हातारपण आहे ते," मी म्हणालो. मी नुकताच गोठ्यातून आलो होतो, मीटर दिसल्याबरोबर टायरच्या वहाणांसकट ओसरीत चढलो आणि टोपणावर पंजा टेकवला. काही नाही. थंडगार लोखंड. वर आईला शास्त्र सांगितलं. वीज तारेतून जाते, टोपणातून जात नाही, टोपण हे टोपण असतं. शाळेत मास्तरांनी हा धडा शिकवला त्या दिवशी मी बोरं खायला गेलो होतो, पण आत्मविश्वास मास्तरांचाच होता.

आई एवढंच म्हणाली, "वहाना काढ आधी. घर हाय का बाजार?"

दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं द्यायला संध्याकाळी लोक येणार, मीटर बघणार. मी बायकोला म्हणालो, "एवढं झेंडूचं फूल खोव मीटरच्या टोपणात. शोभा येईल."

तिला सातवा महिना होता. ती नको नको म्हणत होती. "आत्याबाईंला काल चावलं ते."

"मी हात लावला ना? मेलो का?"

तिनं फूल खोवलं. पुढचं मी नीट पाहिलंच नाही, एकदम ती भिंतीपासून मागं फेकल्यासारखी झाली आणि त्या दिवशीही सारवलेल्या ओल्या जमिनीवर बसली. काकणं फुटली होती. दोन्ही हात पोटावर. आई धावली, तिच्या शेजारी बसली, तीही हात पोटावर ठेवून. मी मध्येच "काय झालं, काय झालं" म्हणालो तर आईनं नुसतं हातानं गप्प केलं. किती वेळ गेला देव जाणे. मग बायको म्हणाली, "हाललं."

आईनं डोळ्याला पदर लावला. मग माझ्याकडं वळली. त्या दिवशी आलेल्या लोकांनी आपट्याच्या पानांबरोबर आईच्या शिव्याही घरी नेल्या.

सगळ्यात अवघड गोष्ट पुढं होती. अशा वेळी बाई माहेरी जाते. पण बायकोच्या माहेराला कुलूप लागणार होतं. तिचे आईवडील, भाऊ, भावजया सगळे दरसालचे ऊसतोडीचे. कोजागरीच्या पौर्णिमेलाच बैलगाड्या कारखान्याकडं निघणार, वाटेत आमच्या गावावरून जाणार. बायकोनं गाठोडं बांधायला घेतलं.

"कोपीत जाते भावासंगं. बाळातपनबी तिथंच व्हईल."

"कोपीत? उसाच्या पाचटाच्या झोपडीत? थंडीत?"

"कोपीला भिंत न्हाई," ती म्हणाली. "भिंत न्हाई त मीटर न्हाई."

तुम्ही म्हणाल, दिवा बंद करून टाकायचा. मीही तेच केलं होतं, स्विच पाडला, फ्यूज उपसून खिशात घातला. पण वीज खांबावरून आधी मीटरात येते, स्विच त्याच्या पुढं. मीटर चावायचं ते चावतच होतं. आणि खांबावरून तोडायला कचेरीचा माणूस लागतो.

तो वायरमन बोलावला. बूट घालूनच आला. सवयच लावली होती मी. त्यानं टोपणावर थाप मारली, म्हणाला, "मीटर एकदम बेस आहे. तुमचं अर्थिंग वाळलंय."

अर्थिंग म्हणजे परसात खणलेला खड्डा. त्यात मीठ-कोळसा भरून मधे लोखंडी पाइप रोवलेला, मीटरची एक तार त्या पाइपाला. गळणारी वीज त्या वाटेनं जमिनीत जायची. पण जमीन ओली पाहिजे.

"रोज एक बादली पाणी ओतत जा खड्ड्यात," वायरमन म्हणाला.

आई दारातच उभी होती. "किती?"

"एक बादली, मावशी."

"ती बादली कुठनं येती, ठावं हाय का तुला? माझी सून पोटुशी, तिला मी अर्धा तांब्या पानी मोजून देते. जनावरं तोंडं वासतेत. आन तुझ्या मीटराला तहान लागली म्हून मी बादली वतू? मीटर काय पावना हाय माझा?"

"मग मी काय करणार?"

"घिऊन जा. खांबावर न्हेऊन बांध. पाज तिथं."

वायरमन गेला. मला मात्र बायको थांबवायची होती आणि मीटरही ठेवायचं होतं. अशा वेळी माझं डोकं फार चालतं आणि तेच माझ्या घराचं दुर्दैव. मी विचार केला, मला अंघोळीला मिळतो एक तांब्या. तो वाया का घालवायचा? खड्ड्यावर उभं राहून अंघोळ केली तर माझी अंघोळ आणि मीटरचं पाणी, एकाच तांब्यात दोन्ही! इतकी साधी गोष्ट कचेरीला कशी सुचली नाही, म्हणून मला तिची कीव आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लंगोट लावून मी परसात खड्ड्यावर उभा राहिलो. अर्धा तांब्या डोक्यावर घेतला, निथळलो. अंग पुसायला वाकलो आणि तोल सावरायला पाइपाला धरलं.

पाइपानं मला धरलं म्हणणं जास्त खरं. कसा सुटलो ते आठवत नाही. एवढंच आठवतं की मी आळीच्या मधोमध उभा होतो, लंगोटावर, हातात रिकामा तांब्या, आणि शेजारची म्हातारी तोंडाला पदर लावून विचारत होती, "काय रं, कोन मागं लागलं?"

"मीटर!" मी ओरडलो.

आळी तीन दिवस हसली. हसू द्या. पण त्या क्षणी माझ्यातला सरकारी माणसांचा भक्त जो मेला तो मेला. माझ्या बायकोनं असलाच तडाखा पोटातल्या जिवासकट खाल्ला होता, आणि मी तिला म्हणालो होतो, मेलो का.

तसाच कपडे चढवून पाथर्डीला गेलो. कचेरीत साहेब म्हणाले, "नवीन वीज आली की खेड्यात भीती असतेच. मनाचे खेळ असतात."

"साहेब, माझ्या मनानं लंगोट लावला नव्हता," मी म्हणालो. "तुम्ही या. तुम्ही येईपर्यंत मी या बाकड्यावरून उठत नाही." आणि खरंच उठलो नाही. शिपायानं झाडून घेतलं, माझे पाय वर करायला लावून खालूनही झाडलं. मी पाय वर केले, पण उठलो नाही. शेवटी साहेब म्हणाले, उद्या येतो.

आले. जीपमधून, वायरमनला घेऊन. त्या दिवशी कोजागरी. बायकोचं गाठोडं दाराशी होतं, मेव्हण्याच्या गाड्या दुपारनंतर यायच्या होत्या. आळीतल्या बायका दारादारांत उभ्या. एव्हाना माझं धरून चार घरांत मीटरं बसली होती, आणि माझ्या लंगोटाच्या हकिकतीनंतर चारी घरं आपापल्या भिंतीपासून हातभर लांब चालत होती. आई मुद्दाम सकाळी सारवून बसली होती. जमीन अजून ओली होती.

साहेब बुटांसकट आत आले, सरळ मीटरपाशी गेले आणि सबंध पंजा टोपणावर ठेवला. आमच्याकडं वळून हसले.

"बघा. काय होतंय का?"

काही होत नव्हतं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. माझे कान तापले. आता मी वेडा ठरणार, बायको गाडीत बसणार. मी साहेबाच्या हाताकडं बघत होतो. आई त्यांच्या पायांकडं बघत होती. तिनं मला कोपरानं ढोसलं आणि हनुवटीनं खाली दाखवलं.

जाड रबरी तळाचे बूट. मी टायरच्या वहाणा घालून पंजा टेकवला होता, तसंच हे. चावलं होतं कुणाला? अनवाणी असलेल्यांना. घरातल्यांना.

"सांग की," आई पुटपुटली. "तूच म्हनला हुतास न्हवं, असू द्या असू द्या?"

माझा आवाज फार मोठा निघाला असं सांगायला मला आवडेल. कोंबडीएवढा निघाला. पण निघाला.

"साहेब, बूट काढा."

"काय?"

"बूट काढा. आमच्या घरात वहाणा घालून येत नाहीत. आम्ही या घरात जसे राहतो तसं उभं राहा आणि मग हात लावा."

वायरमन म्हणाला, "अहो, साहेबांना बोलताय तुम्ही."

"तू बी काढ," आई म्हणाली.

साहेब रागानं लाल झाले. पण आळीभर बायका बघत होत्या. त्यांनी नाड्या सोडल्या, मोजे काढले. गोरे, मऊ पाय होते. ओल्या सारवणावर टेकताच बोटं आक्रसली. त्यांनी हात उचलला. तो हात टोपणापासून वीतभर अंतरावर थांबला. हात तिथंच. साहेबाच्या कपाळावर घाम.

"लावा की वो," शेजारची म्हातारी म्हणाली. "मनाचे ख्येळ हायती."

साहेबांनी हात खाली घेतला. वायरमनकडं न बघता म्हणाले, "खांबावरून तोड."

"आन आमचं?" दारातून एक आवाज आला. "आमचंबी तसलंच हाय."

साहेब चिडले. "सगळ्यांचं तोडलं तर मी वर काय सांगू? एवढी कनेक्शनं दिली म्हणून कळवलंय. आणि एकदा तोडलं की नवीन मीटर कधी येईल सांगता येणार नाही. अंधारात राहाल. चालेल?"

बिचाऱ्याजवळ तेवढी एकच धमकी होती, आणि आम्ही नेमकं तेच मागत होतो.

"चालंल," आई म्हणाली.

"नाहीतर," मी म्हणालो, आता कंठ फुटला होता, "त्या तीन घरांतही असंच उभं राहा आणि हात लावून दाखवा. बायकांनी सारवूनच ठेवलंय."

सारवलेलं एकाही घरी नव्हतं. पण मी म्हणेपर्यंत तिघी आत पळाल्या होत्या आणि शेणाच्या पाट्या वाजायला लागल्या होत्या. साहेबांनी तो आवाज ऐकला. बूट हातात घेऊन ते अनवाणीच जीपपर्यंत गेले. वायरमन चारी घरांच्या तारा सोडत खांबावर बसला, आणि खालून आळीनं त्याला कुठली आधी, कुठली मागून, ते शिकवलं. मग उतरून त्यानं चारी मीटरं भिंतींवरून उपसली आणि जीपमध्ये टाकली.

खालच्या आळीतले लोक संध्याकाळी आले, आमची कीव करायला. त्यांच्याकडं दिवे लागले होते. "मूर्ख हायेत लेको. मिळालेली लाईट घालवली." त्यांना म्हटलं, अनवाणी हात लावून या, मग बोलू. कुणी परत आलं नाही.

दिवेलागणीला गाड्या आल्या. मेव्हणा पुढच्या गाडीवर. बैलांच्या शिंगांना अजून दसऱ्याचा रंग. त्यानं बिनदिव्याच्या आळीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि त्याला राहवलं नाही.

"काय दाजी, लाईट गेली म्हनं तुमची?"

"गेली नाही. घालवली."

बायको कंदील घेऊन दारात आली. मी गाठोड्याकडं बघायचं टाळत होतो. तिनं ओसरीत वळून भिंतीला हात लावला, जिथं मीटरच्या चार खिळ्यांची भोकं राहिली होती तिथं. मग आणखी एकदा, सगळा पंजा. अनवाणी, सारवलेल्या जमिनीवर.

"जा तुमी," तिनं भावाला सांगितलं. "मागल्या गाडीत आईला म्हनावं, मी हितंच हाय."

तिनं गाठोडं स्वतःच उचललं आणि आत नेलं. मी मदतीला पुढं झालो तर म्हणाली, "तुमी आधी वहाना काढा."